पाणी पाजणारी

१६ एप्रिल १९७३

सकाळच्या बसनं छावणीत पोचले. सोबत ट्रंक, रंगांची पेटी, आईनं बांधून दिलेलं भिवापुरी तिखट आणि ही कोरी वही. वही महादेवराव सरांनी दिली. रोज काय खरवडलं, कुठला रंग कुठं भरला ते लिहीत जा म्हणाले. मनात येईल तेही लिही, वही तुझीच आहे.

सरांनी मला पाच वर्षं चित्रकला शिकवली. दुसऱ्या वर्षी बाबा गेले तेव्हा मी शिक्षण सोडून आईबरोबर मिरच्या खुडायला जाणार होते. सर बसनं भिवापूरला आले, विहाराजवळच्या आमच्या खोलीत बसून चहा प्याले आणि आईला म्हणाले, ही आजपासून माझी लेक समजा. शहरातला एवढा शिकलेला माणूस आमच्या वस्तीत येऊन कपभर चहा पितो, हेच तेव्हा नवल होतं. आई ते वाक्य अजून येणाऱ्या-जाणाऱ्याला ऐकवते.

हे काम खरं तर सरांचं. दोन वर्षांपूर्वी या चॅपेलमधलं भित्तिचित्र त्यांनीच दुरुस्त केलं होतं. ते परत खराब झालं, आणि आता डोळे साथ देत नाहीत म्हणून त्यांनी माझं नाव सुचवलं. माझं हे पहिलं स्वतंत्र काम.

राखणदार चंद्रभानजी बसस्टँडवर घ्यायला आले होते. साठीचे असतील, बोलणं कमी. चॅपेलमागे त्यांचं दोन खोल्यांचं घर आहे, पुढची खोली मला दिली. त्यांची बायको सिंधूताई मात्र भारी बोलकी. मी हात धुवेपर्यंत तिनं माझं गाव, आईचं नाव, लग्न काहून नाही झालं, सगळं विचारून घेतलं. वांग्याची भाजी झकास होती. कडुनिंबाखाली खाट टाकून लिहिते आहे. फार बरं वाटतं आहे.

१७ एप्रिल

आज चॅपेल नीट पाहिलं. बाहेरून काळ्या दगडाचं बसकं घर वाटतं, आत गेलं की छत एकदम उंच जातं. सागवानी तुळया आहेत, एकीलाही कीड नाही. भिंती हातभर जाड. वर गोल भोकं आहेत, त्यांतून पंख्याची दोरी बाहेर जायची आणि बाहेर बसलेला माणूस ती ओढायचा. बाकांच्या पाठीला अर्धगोल खाचा आहेत. प्रार्थनेला बसतानाही शिपाई बंदुका सोबत आणायचे, त्या टेकवायला. चंद्रभानजींनी एका खाचेत झाडू उभा करून दाखवला. भिंतीवर पितळी पाट्या आहेत, तापानं गेलेल्या, पटकीनं गेलेल्या, नदीत बुडालेल्या गोऱ्या शिपायांच्या. लढाईत मेलेले फार थोडे. काहींचं वय माझ्यापेक्षा कमी.

खिडक्यांना रंगीत काचा आहेत. सकाळी नऊला लाल काचेतलं ऊन फरशीवर पडतं आणि अकरापर्यंत सरकत वेदीपाशी जातं. वेदीच्या बाजूला पाद्र्याची कपडे बदलायची छोटी खोली आहे. तिला खिडकी नाही, आणि कडी बाहेरून आहे.

चित्र वेदीमागच्या भिंतीवर आहे, दोन पुरुष उंच. नदीकाठ, मागे तंबू, आणि अठरा शिपाई ओळीनं गुडघ्यावर बसलेले, लाल कोट उघडे, हातांची ओंजळ पुढं धरलेली. त्यांच्यासमोर एक बाई घागर कलती करून पाणी घालते आहे. बाई आपल्याकडची आहे. लुगड्याचा काष्टा, पायात तोडे, दंडावर गोंदण. चित्रकारानं तिचे पाय इतके खरे काढले आहेत की टाचेच्या भेगा दिसतात. खाली इंग्रजीत लिहिलं आहे: जिनं आम्हांला पाणी दिलं तिच्या कृतज्ञ स्मरणार्थ. तिचं नाव नाही.

तिला चेहराही नाही. कपाळापासून हनुवटीपर्यंतचा गिलावा पोपडे होऊन पडला आहे. बाकी चित्र जवळजवळ शाबूत आणि नेमका तेवढाच भाग गेला आहे.

२० एप्रिल

तीन दिवस नुसती सफाई. मऊ कुंचल्यानं धूळ, मग ओल्या कापसानं काजळी. शिपायांचे चेहरे आता उघडले. हे अठरा वेगवेगळे खरेखुरे लोक आहेत. एकाचा दात तुटका, एकाला देवीचे व्रण. काढणारा त्यांच्यातलाच असणार.

एक गोष्ट चमत्कारिक. त्यांच्या ओंजळींखाली भिंत दमट आहे. बाहेर झळा लागतात, जमीन तडकली आहे, पलीकडे कन्हानचं पात्र निम्मं वाळू झालं आहे. तरी तिथं हात लावला की गार ओल लागते. सरांना कार्ड लिहून विचारलं.

चंद्रभानजी चॅपेलमध्ये पाणी पीत नाहीत. तहान लागली की आवार ओलांडून रस्त्यावर जातात, तिथं चिंचेखाली त्यांचं मडकं आहे. देवाच्या घराचा मान असेल.

२४ एप्रिल

सरांचं उत्तर आलं. ओल मलाही लागली होती, जोतं जुनं आहे, चालायचंच. चेहऱ्याबद्दल त्यांनी सविस्तर लिहिलं आहे. कल्पनेतून काढू नकोस, निर्जीव होतो. फोटोवरूनही नको. जिवंत माणूस बघून काढ. कोणी बसायला नसेल तर आरसा ठेव आणि स्वतःचा काढ, तुझी ठेवण तिच्या ठेवणीच्या जवळची आहे. शेवटी, नेहमीप्रमाणे, प्रकृतीला जप. जयाचं तसंच आहे म्हणून लिहिलं आहे.

जया म्हणजे त्यांची मुलगी, माझ्याहून दोन वर्षांनी लहान. लकडगंजच्या त्यांच्या घरी मी किती वेळा जेवले असेन, ती आणि मी एका ताटात. दोन वर्षांपासून तिला तहानेचा आजार आहे. उशाशी माठ, दिवसभर पाणी, तरी ओठ फुटलेले. साखरेचा आजार नाही म्हणतात. नागपूरचे सगळे डॉक्टर झाले. गेल्या वेळी गेले तेव्हा तिनं मला ओळखलं, पण बोलली नाही. बोलण्यात थुंकी जाते, असं तिनं पाटीवर लिहून दाखवलं.

२६ एप्रिल

चुन्याचा नवा हात दिला. सिंधूताईंचा आरसा तिपाईवर ठेवून सुरुवात केली. गेरू, पिवडी, थोडी काजळी, सरस. कपाळ आणि डोळे आज झाले. स्वतःला इतका वेळ मी कधी पाहिलं नव्हतं. माझे डोळे बाबांवर गेले आहेत.

आपल्यासारखी एक बाई, साहेबांच्या प्रार्थनाघरात, वेदीच्या मागे, सगळ्यांच्या नजरेसमोर. तिला चेहरा देते आहे ती मी. आईला सांगेन तेव्हा तिला काय वाटेल!

२७ एप्रिल

नाक, गाल, हनुवटी. दुपारी चंद्रभानजी मागे येऊन उभे राहिले. बराच वेळ बघून म्हणाले, "बाई, तोंड नका काढू."

मी हसले. विचारलं, काहून?

"राहू द्या तसंच. पदर दाखवा तोंडावर. बायका धरतेच ना पदर."

मी म्हटलं, मूळ चित्रात ओठ होते, कडेला रेषा शिल्लक आहे. ते पाणी प्यायला रस्त्यावर गेले.

२८ एप्रिल

ओठ काढले. सकाळी अकराला शेवटचा हात दिला. लाल ऊन बरोबर चेहऱ्यावर आलं होतं. इतकं चांगलं काम माझ्या हातून याआधी झालं नव्हतं. सरांना कार्ड टाकलं: चेहरा पूर्ण झाला.

२९ एप्रिल

उन्हाचा त्रास झाला असावा. काल दुपारपासून तहान भागत नाही. सिंधूताईंनी कांदा हातात दिला, कैरीचं पन्हं केलं. दोन पितळी गुंड भरून पाणी प्याले असेन. पोट फुगतं, जीभ तशीच कोरडी.

१ मे

सरांचं पत्र. उघडलं आणि रडूच येईल असं वाटलं. जयाला उतार आहे! शनिवारी सकाळी ती अर्धा पेला पाणी प्याली आणि तिनं पेला खाली ठेवला. मग झोपली. दोन वर्षांत पहिल्यांदा सलग सहा तास. रविवारी वरणभात खाल्ला आणि मोठ्यानं बोलली. सरांचं अक्षर एरवी कोरल्यासारखं, पण या पत्रात सगळं वाकडं झालं आहे. शेवटी लिहिलं आहे, तुझे उपकार फिटणार नाहीत. बहुधा माझ्या कामामुळे त्यांना डोळ्यांची विश्रांती मिळाली, त्याबद्दल असेल.

मला आनंदानं रडायचं होतं. डोळे चुरचुरले, पाणी आलं नाही.

३ मे

घाम थांबला आहे. पारा वर चढतो आहे, सिंधूताईंच्या चोळीला पाठीवर मीठ फुटलं आहे आणि माझं अंग कोरडं ठणठणीत, तापलेल्या तव्यासारखं.

पलीकडच्या दवाखान्यात गेले. डॉक्टर म्हणाले ऊन लागलं, मीठ-साखरेचं पाणी घ्या. घेतलं, घेतच राहिले. गुंडातलं पाणी ओठाला लागतं, ते दिसतं. घशाखाली गेलेलं कळत नाही. मध्येच कुठं तरी जातं.

चित्रातली ओल वाढली आहे. शिपायांच्या ओंजळी चकाकतात. तुटक्या दाताच्या माणसाची हनुवटी ओली आहे. मी कापसानं पुसली. पुन्हा ओली झाली.

५ मे

दुपारी एकटीच होते. आधी वाटलं पाल आहे. मग नीट ऐकलं. घोट घेतल्याचा आवाज. एक संपला की शेजारचा, ओळीनं, पंगतीत पाणी वाढल्यासारखा. अठरा. आणि दर घोटाला माझ्या घशात आतून ओढ बसत होती.

बाहेर पळाले. उन्हात उभी राहिले. फाटकापाशीही ओढ बसत होती.

६ मे

ठरवलं, चेहरा खरवडून काढायचा. ओल्या कापसानं निघेना. पात्यानं निघेना. आठ दिवसांपूर्वीचा सरसाचा रंग, तो दगडासारखा झाला आहे. पातं घसरलं आणि कपाळाच्या कडेचा एक पोपडा उडाला. खाली जुना थर होता. सरांचा, दोन वर्षांपूर्वीचा.

तिथं अर्धी भुवई निघाली. भुवईच्या मधोमध खाच आहे, केस नसलेली. लहानपणी झोपाळ्यावरून पडून पडलेली खाच. त्या खाचेवर मी स्वतः कितीदा काजळ भरलं आहे, सणावारी, लकडगंजच्या माडीत, ती आरसा धरून बसायची तेव्हा.

ती जयाची भुवई आहे.

७ मे

चंद्रभानजींना धरूनच बसले. सांगितल्याशिवाय उठू देणार नाही म्हटलं. सिंधूताई म्हणाली, "सांगून टाका आता. पोरगी वाळून राहिली." मग ते बोलले. त्यांच्या आजानं त्यांना सांगितलेलं.

पटकीच्या साली छावणीतले सगळे नोकर पळून गेले. नदीपलीकडची एक बाई रोज घागर घेऊन यायची आणि आजारी शिपायांना पाणी पाजायची. कोणी बोलावलं नव्हतं तिला. अठरा जण वाचले. साथ सरली तेव्हा साहेबाला कोणी सांगितलं, रोग पाण्यातनं आला, त्या बाईनंच आणला. त्यांनी तिला बोलावणं धाडलं, तुझा सत्कार करायचा आहे, चॅपेलमध्ये ये. ती नवं लुगडं नेसून आली. तिला त्या बाजूच्या खोलीत बसवलं आणि बाहेरून कडी घातली. वैशाख होता. ते अठरा इथंच बाकांवर बसून प्रार्थना करायचे. ती पाणी मागायची ते त्यांना ऐकू जायचं. एकानंही कडी काढली नाही. सहाव्या दिवशी आवाज बंद झाला. पुढं त्यांच्यातल्याच एकाला राहवेना, त्यानं हे चित्र काढलं.

"तिचा चेहरा तिथं टिकत नाही," चंद्रभानजी म्हणाले. "ते बाई पाहूनच नाही राहिली त्या शिपायाइकडे. दुसऱ्या कोणाचा काढला तरी पडते. ज्याले आपल्या माणसानं धोका दिला, त्याचाच चेहरा टिकते. मंग त्याले तिच्यासारखं पाजत राहा लागते."

आधी एक सार्जंटची बायको होती. तिची कबर मागच्या भिंतीशी आहे. चाळीस दिवस जगली.

मी म्हटलं, तुम्हाला सगळं ठाऊक होतं.

"म्या म्हणतलं होतं, तोंड नका काढू."

"काहून ते नाही सांगितलं."

ते म्हणाले, "मी आंधी सरांच्याच घरी कामाले होतो. जयाले म्या खांद्यावर खेळवलं आहे, बाई. सर हात जोडून गेले होते, सांगू नको म्हणून."

सिंधूताई उठून आत गेली.

८ मे

सरांना तार केली. या.

सकाळपासून पुन्हा पुन्हा वाटतं आहे की चंद्रभानजी म्हातारे आहेत, गोष्ट ऐकीव आहे, जयाची भुवई सरांनी सहज वापरली असेल. सर येतील आणि हसतील. माझ्या डोक्यावर हात ठेवतील. मग दवाखान्यात नेतील.

९ मे

सर आले. हातात पिशवीभर मोसंबी.

पिशवी बघूनच मला कळलं. तहानेचं मी तारेत लिहिलं नव्हतं.

ते चित्रासमोर उभे राहिले. आधी चेहरा पाहिला, माझ्याकडे नंतर. म्हणाले, "ओठ सुंदर उतरलेत." सवयीनं म्हणाले असतील. मग बाकावर बसले आणि सगळं सांगितलं, मी न विचारता, वर्गात समजावून देतात तसं. दोन वर्षांपूर्वी त्यांनी सात चेहरे काढले. कल्पनेचे, फोटोवरून, स्वतःचासुद्धा. सगळे दुसऱ्या दिवशी फरशीवर. जया डबा घेऊन यायची. तिला या भिंतीची भीती वाटायची. तिला समोर बसवलं, भिंतीवर काढणार नाही, नुसता कागदावर सराव, असं वचन दिलं. आणि भिंतीवर काढला. तो टिकला. पुढं ओलीनं तो पडला म्हणून ती जगली, तरी तिची तहान गेली नाही. दुसरी कोणी बसल्याशिवाय पहिली सुटत नाही, हे त्यांना मागाहून समजलं.

मी विचारलं, "आणि मला काय सांगितलं होतं?"

"तुला मी एकही गोष्ट खोटी सांगितलेली नाही, शामला."

ते खरं आहे. आठवून पाहिलं. एकही खोटी नाही.

पाच वर्षं मी नागपुरात शुद्ध बोलले. त्यांनीच शिकवलं. आज ते सगळं गेलं. मी म्हटलं, "तुम्ही मले लेक म्हणत होते. माह्या मायसमोर म्हणतलं तुम्ही."

"म्हणत होतो. मनापासून म्हणत होतो," सर म्हणाले. "तसं नसतं तर तुझा चेहरा टिकला नसता."

मग त्यांनी चष्मा काढला. म्हणाले, "जया माझी मुलगी आहे." एवढंच. जणू मला ते माहीत नव्हतं.

जाताना पाया पडायला वाकले माझ्या. मी पाय मागे घेतले. बस चुकेल म्हणून ते घाईनं गेले.

मोसंबी मी सगळी खाल्ली. सालींसकट. त्यांनी आणलेली, तरी खाल्ली. काही उपयोग झाला नाही.

११ मे

काल कल्पनेतला चेहरा काढला, भिंतीवरच्या माझ्या चेहऱ्यावरच. आज सकाळी फरशीवर तुकडे. खाली मी तशीच.

बोलणं बंद केलं आहे. थुंकी जाते.

१२ मे

जयाचा काढला. न बघता काढता येतो मला. भुवईची खाचसुद्धा. काढून झाल्यावर बाहेर बसले, आणि मला वाटलं, आत्ता लकडगंजमध्ये पेला खाली पडला असेल. बरं वाटलं. इतकं बरं वाटलं की—

बारा वाजता पडला.

ती मला कधीच काही मागत नव्हती. माझ्या भरवशावर नव्हती. तिचा विश्वासघात मी कुठून करणार? आधी तो विश्वास तरी असायला हवा.

१३ मे

माझ्यावर कोणाचा आहे?

नाही. हे लिहायचं नव्हतं. पान फाडायला हवं.

१४ मे

जिभेला चीर. रक्त येत नाही, पांढरं दिसतं. बोट कापून पाहिलं, तिथंही तसंच.

सगळे अठरा ओले झाले आहेत. कोट गडद. पाणी फरशीवर उतरतं. मी वाकून चाटलं. जिभेला धूळ लागली नुसती.

१५ मे

सिंधूताईंनी कोणाच्या तरी हाती भिवापूरला निरोप धाडला. मला न विचारता. मी पाटीवर लिहिलं, येऊ देऊ नका. तिला वाचता येत नाही. चंद्रभानजींनी वाचलं आणि तिला वेगळंच सांगितलं.

१६ मे

आई आली. सकाळच्या बसनं. मिरचीनं हात अजून लाल.

तिनं मांडीवर डोकं घेतलं आणि चमच्यानं पाणी घालत राहिली. एक चमचा, ओठ पुसायचे, एक चमचा. घोट आत भिंतीतनं ऐकू येत होते. तिला येत नव्हते.

पाटीवर लिहिणार, पण तिलाही वाचता येत नाही. बोलले. तीन शब्द. परत जा, आई.

"येडी झाली काय वं," ती म्हणाली. "तुले टाकून कुठं जाऊ?"

मी तिच्याकडे बघत राहिले. चेहऱ्याची हाडं मोठी आहेत तिची. ठेवण चांगली आहे.

देवा रे, हे काय लिहिते आहे मी.

सकाळच्या बसमध्ये बसवून देईन.

१७ मे, बुद्ध पौर्णिमा

बस गेली. आई गेली नाही. मीही उठवलं नाही.

ती म्हणाली, तुह्यं काम दाखव. मी आत नेलं. ती चित्रासमोर हात जोडून उभी राहिली. चपला बाहेर काढून आली होती. पाणी देणाऱ्या बाईला तिनं नमस्कार केला. म्हणाली, ही तुह्यासारखीच दिसते. अभिमानानं म्हणाली.

मी विचारलं, बसशील का समोर? तुझं चित्र काढते.

लाजली. आजवर तिचा फोटो निघालेला नाही. लग्नातही नाही. "माह्यं काय काढतं वं," म्हणाली. मग पदरानं तोंड पुसलं. बाकावर बसली. पहिल्या.

विचारलं तिनं, याच्यानं तुले बरं वाटन का?

मी हो म्हटलं.

भिंतीवर नाही ना काढून राहिली, साहेबाचं घर आहे, कोणी रागवन. विचारलं तिनं.

मी म्हटलं—कागदावर. नुसता सराव.

चुन्याचा हात वाळतो आहे, तेवढ्यात लिहिते. तिला बसल्या जागेवरून भिंत दिसू नये म्हणून मी मध्ये तिपाईवर मोठा पुठ्ठा उभा केला आहे. ती हलत नाही. पाहिजे तेवढं बसतो म्हणते.

घोट थांबले आहेत. सकाळपासून एक नाही. ते वाट बघत आहेत.

वाळला.

कपाळ झालं. डोळे. डोळ्यांनी फार वेळ घेतला—ती माझ्याकडेच बघते आहे.

नाक. गाल. जिभेवर काही तरी आलं. थुंकी आहे. थेंबभर. गोड आहे.

अजून थांबता येईल. तोंड राहिलं आहे नुसतं. पदर काढला तर, तोंडावर पदर—

आई हसते आहे. मी तिला म्हटलं, हसू नको, ओठ मिटून ध—